कसब्यातला दगडी वाडा, ग्रेड ३ : दर्ज, चुना, खांबांची बुडं आणि परवानग्या

ओसरी

पुण्यातल्या कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीची आखणी चालू आहे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत ग्रेड ३ मध्ये आहे. मंचावरच्या जाणकारांनी मत द्यावं म्हणून शक्य तितकी नेमकी माहिती देते.

जोतं रस्त्याकडून जेमतेम दीड फूट दिसतं, चौकातून मोजलं तर साडेतीन फूट भरतं. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती घडीव काळ्या दगडाच्या, अडीच फूट जाड. वर दोन मजले, सागवानी सांगाडा आणि मध्ये वीट. दर्शनी सोपा (पुढची ओसरी) पाच खणी, खांब सुरूच्या घाटाचे, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) उभे. छपराला मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला पत्रा. दगडांची दर्ज (सांध्यांतली भरणी) सगळीकडे सिमेंटची, रस्त्याकडच्या भिंतीला आतून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा.

त्रास तीन. त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला ओल आणि पांढरे क्षार फुटलेत. उत्तरेच्या कोपऱ्यात जमिनीपासून पाच फुटांवर दगडांना फुगवटा आहे, ओळंबा सोडल्यावर पावणेदोन इंच बाहेर. आणि दोन खांबांची बुडं चाकूचं टोक शिरेल इतकी मऊ झालीत.

ठेकेदाराचा प्रस्ताव असा आहे: दर्ज पुन्हा सिमेंटने भरायची, आतला गिलावा वॉटरप्रूफिंग घालून सहा फुटांपर्यंत न्यायचा, फुगवट्यात सिमेंट ग्राउट (पातळ कालवलेलं सिमेंट आत सोडणं), आणि दगडाला सँडब्लास्टिंग करून वरून पारदर्शक लेप. यातलं काय ठेवावं? शिवाय परवानगीच्या अर्जात वास्तूचा काळ लिहायचा आहे, तो कशावरून ठरवतात?

चुनेगच्ची

यातलं काहीही ठेवू नका. का ते सांगतो.

पुण्याचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, फार घट्ट. चांगला घडाईचा दगड पाण्यात टाकून ठेवला तरी वजनाच्या एखाद टक्क्याहून कमी पाणी पितो. त्यामुळे भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायला दगडातून वाट नसते. जी काय वाट असते ती दगडांमधल्या सांध्यातून. जुन्या चुन्याच्या दर्जेतून ही वाफ निघून जायची. तिथे सिमेंट भरलं की बाहेरची बाजू बंद होते आणि ओल आतल्या बाजूला वळते. आत गिलाव्याने चार फूट झाकलं म्हणून ती चार फुटांच्या वर फुटली. सहा फुटांपर्यंत झाकलंत तर पुढच्या पावसाळ्यानंतर साडेसहा फुटांवर दिसेल, आणि त्या उंचीला लाकूड जास्त जवळ आलेलं असेल.

वालुकाश्मासारख्या मऊ दगडाच्या इमारतीत सिमेंटमुळे दगडच झडतो, तो डोळ्यांना दिसतो. पुण्यात दगड जसाच्या तसा राहतो, म्हणून लोकांना वाटतं सिमेंट चालतं. नुकसान दगडाच्या मागे होतं: भिंतीच्या पोटातल्या मातीचं आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांचं.

सँडब्लास्टिंगने टाकीच्या (पाथरवटाच्या छिन्नीच्या) खुणा जातात. वारसा यादीतल्या दगडी भिंतीत जपायचं ते मुख्यतः हेच घडकाम. पारदर्शक लेप म्हणजे उरलीसुरली वाटही बंद. दगडावर ऑइलपेंट असेल तर पेंट रिमूव्हर, नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी, तेही आधी एका कोपऱ्यात करून बघून. ॲसिड अजिबात नको. चुन्याचा सांधा विरघळतो आणि दगडातल्या लोहामुळे तांबूस डाग उठतात, ते पुन्हा निघत नाहीत.

पाथरवट

वरच्याला पूर्ण अनुमोदन. फुगवट्याबद्दल लिहितो.

ही भिंत एकसंध दगडाची नाही, तीन थरांची आहे. बाहेरचा घडीव चेहरा, आतली कमी घडलेली बाजू आणि मध्ये चिपा, गोटे, माती किंवा चुना. घडीव दगड समोरून काटकोनात दिसतो, सांधा दोन-तीन मिलिमीटरचा. पण मागे तो निमुळता होत जातो, म्हणून सांधा आत रुंदावतो आणि तिथे चिपा ठोकून मसाला भरलेला असतो. चिपा सैल झाल्या किंवा मसाला वाहून गेला की दगड पुढच्या कडेवर पेलला जातो आणि कडेची कपची उडते. तुमच्या फुगवट्याच्या खालच्या दोन थरांत अशा कपच्या उडाल्यात का ते बघा.

दोन्ही चेहरे बांधून ठेवायला मध्ये आरपार दगड लागतात. आजच्या मानकात उभ्या दिशेने दर ६० सेंमी आणि आडव्या दिशेने दर १.२ मीटरला एक सांगितला आहे. जुन्या कामात पैसे वाचवायला हे कमी घातलेले सापडतात. मग पोटातला माल ओलाव्याने खाली बसतो, पाचरीसारखा दाब देतो आणि चेहरा बाहेर येतो.

तपास असा करा. लहान हातोडीने एकेक दगड ठोका. खणखणीत आवाज आला तर मागे भरीव, बद्द आला तर पोकळ. बद्द दगडांवर खडूने खूण करून भिंतीचा नकाशा तयार करा. भेगांवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. एक अख्खा पावसाळा जाऊ द्यावा लागतो, त्याला जवळचा रस्ता नाही.

रीबाउंड हॅमरचे (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे कोणी ऑडिटमध्ये दिले तर त्यावर भिंतीचा निर्णय घेऊ नका. ते यंत्र काँक्रीटसाठी बेतलेलं आहे. बेसॉल्टवर आकडा भरघोस येतो आणि पोटात काय आहे ते काहीच कळत नाही.

नदीकाठ

भरणीत माती असेल तर चुन्याचं ग्राउट तरी चालेल का?

पाथरवट

पोटात चुना असेल तर चालतं, माती असेल तर नाही. ग्राउटमध्ये पाणी भरपूर असतं. ते मातीत गेलं की माती फुगते, ढिली होते आणि फुगवटा त्याच दिवशी वाढू शकतो. आधी एक दगड काढून आत बघा, अंदाजाने ठरवू नका.

पोटात चुना निघाला तर: सुर्खी (विटांची भुकटी) मिसळलेला, बारीक चाळणीतून काढलेला चुना, पंपाच्या दाबाने न ढकलता वर टांगलेल्या बादलीतून नळीने सोडायचा. खालून सुरुवात, वरच्या भोकातून बाहेर आला की खालचं बंद. दिवसाला दोन ते अडीच फुटांपेक्षा जास्त उंची घेऊ नका, ओल्या मालाचं वजनच चेहरा ढकलतं.

माती निघाली तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. त्याआधी वरच्या मजल्याच्या तुळया दोन्ही बाजूंनी टेकूंवर घ्या. प्रत्येक दगडावर थर आणि क्रमांक लिहा, खडूने नको, पावसात जातो. समोरून सरळ फोटो काढून त्यावरही तेच क्रमांक टाका. उतरवलेले दगड त्याच थराच्या क्रमाने मांडून ठेवा. रचताना कमी पडलेले आरपार दगड नव्याने घाला. पाच फूट रुंद पट्ट्यापेक्षा जास्त एका वेळी उघडू नका.

दगडांत लोखंडी पकडी शिसं ओतून बसवलेल्या सापडल्या तर शिसं शाबूत आहे का पाहा. शिसं सुटलं असेल तर लोखंड गंजून फुगतं आणि दगड कोपऱ्यातून फोडतं. गंजलेली पकड काढून त्याच मापाची स्टेनलेस स्टीलची बसवावी.

शनिपार

ओल कुठून येते हे अजून कोणी लिहिलं नाही, आणि काम तिथूनच सुरू व्हायला हवं. रस्त्याकडून जोतं दीड फूट आणि चौकातून साडेतीन फूट, म्हणजे रस्ता दोन फूट चढला आहे. पेठांमधल्या बहुतेक गल्ल्यांची हीच कथा आहे. डांबरावर डांबर, मग काँक्रीट. जोत्याचा वरचा घडीव थर पाणी अडवायला होता, तोच जमिनीत गेला आणि पावसाचं पाणी आता थेट भिंतीच्या अंगाला लागतं.

रस्ता खाली नेणं हातात नाही. भिंतीलगत फूटभर रुंद चर घेता येतो. तळाला सच्छिद्र पाइप, वर धुतलेली खडी, चराचा उतार शंभराला एक. पायाच्या तळापेक्षा खोल खणू नका आणि एका वेळी सहा-सात फुटांहून लांब चर उघडा ठेवू नका. हद्दीबाहेर खणायचं असेल तर पथ विभागाची परवानगी लागेल.

चौकही तपासा. मूळ फरशी मातीवर किंवा चुन्यावर असते आणि फटींतून श्वास घेते. वरून काँक्रीट ओतलं असेल तर खालची ओल सरकत सरकत चारी भिंतींत जाते. निदान भिंतीच्या कडेने दीड फुटाचा पट्टा मोकळा करून तिथे खडी भरा. जुन्या हौदाचं, आडाचं आणि मोरीचं पाणी कुठे जातं तेही शोधा. कातरजच्या तलावातून अठराव्या शतकाच्या मध्याला शहरात पाणी आणलं, त्या नळाच्या फाट्यांवर पेठांत हौद बांधले गेले. अशा जुन्या वाटा बुजवल्या तरी पाणी त्यांतून जात राहतं. क्षारांची चव वा रंग बघून काही ठरवू नका. नमुना प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट निघाले तर संडासाची किंवा गटाराची गळती समजायची.

छपराचंही तेच. मागच्या पत्र्याचं पाणी कुठे पडतं? दोन उतारांमधली पन्हळ फुटली असेल तर पाणी थेट भिंतीच्या माथ्यात उतरतं, आणि उत्तरेच्या फुगवट्याच्या बरोबर वर ती आहे का हे आजच बघण्यासारखं आहे.

ओसरी

हो, पन्हळ त्याच कोपऱ्यावर आहे, आणि गंजलेली आहे. खालच्या थरात कपच्याही उडाल्यात. सर्वांचे आभार. आता चुन्याचं सांगा. गवंडी म्हणतो चुन्यात थोडं पांढरं सिमेंट घातल्याशिवाय तो धरत नाही.

चुनेगच्ची

पांढरं सिमेंटही सिमेंटच. चुना लवकर धरायला हवा असेल तर सुर्खी आहे. कमी भाजलेल्या विटा दळून बारीक चाळा. जास्त भाजलेली, काळपट वीट निरुपयोगी, तिची चुन्याशी प्रक्रिया होत नाही.

बाजारात चुना घेताना आयएस ७१२ या भारतीय मानकातला वर्ग विचारा. वर्ग ए म्हणजे पाण्यात घट्ट होणारा, बी मध्यम, सी म्हणजे शुद्ध कळीचा चुना. इथे सी आणि सुर्खी ही जोडी उत्तम. पोत्यातली हायड्रेटेड पूड जुनी असेल तर हवा लागून ती निम्मी खडू झालेली असते, म्हणून शक्यतो कळीचा चुनाच आणून पाण्यात विरवा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतो. चष्मा आणि रबरी हातमोजे सक्तीचे, पोरांना लांब ठेवा. वर चार बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्या, मग चाळा. न विरलेली खडी राहिली तर ती भिंतीत नंतर फुगते आणि दर्ज फोडते.

प्रमाण मापाने: एक भाग चुना, एक भाग सुर्खी, दोन भाग वाळू. क्रश सँड वापरत असाल तर धुऊन भुकटी काढा, नाहीतर दर्ज केसागत तडकेल. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत चांगली आहे, पण हात आखडता ठेवा. गूळ जास्त झाला की चुना आठवडेच्या आठवडे मऊ राहतो.

जुनी सिमेंट दर्ज ग्राइंडरने काढू नका. पातं एकदा घसरलं की दगडाची कड कायमची गेली. छिन्नी-हातोडी, आणि सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच खोल. जिथे सिमेंट दगडाला इतकं घट्ट चिकटलंय की कड उडेल, तिथे ते राहू द्या. आतली धूळ ब्रशने काढा, सांधा ओला करा, पाणी साचलेलं नको. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी भरू नका. शेवटचा थर दगडाच्या चेहऱ्यापेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर लेपू नका. मग ओलं गोणपाट, किमान आठवडाभर. वैशाखात हे काम केलं तर चुना सुकतो, पण धरत नाही. पावसाळ्यात वाहून जातो. आतला सिमेंटचा गिलावाही पूर्ण उतरवा आणि भिंतीला एक हिवाळा-उन्हाळा उघडं सोडा. क्षार येत राहतील, ते कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका, पाण्याने धुतले की परत आत जातात.

कडीपाट

खांबांबद्दल. तळखड्यात मध्ये खोबण असते, तीत खांबाची कूस (बुडाचं निमुळतं टोक) बसते. चौक धुताना पाणी त्या खोबणीत साचतं आणि बूड आतून कुजतं, बाहेरून रंग शाबूत. मऊ भाग कुठपर्यंत गेलाय हे बारीक ड्रिलने वर वर तपासत जा. लाकडाचा भुसा कोरडा, पिवळट आणि कुरकुरीत आला की तिथे थांबा. ओलावा मीटरवर २० टक्क्यांच्या वर असेल तर कूज चालू आहे.

अख्खा खांब बदलू नका. खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू, वर आडवी तुळई, खाली जॅक. उचलायचं फक्त दोन-तीन मिलिमीटर. त्याहून जास्त उचललंत तर वरचे हस्त (तुळईचे आधार) आणि महिरपी सांध्यातून सुटतात, गिलाव्याला भेगा जातात. कुजलेला भाग कापून तिरका सांधा घ्या, लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट. नवं बूड जुन्या सागाचं, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि मागच्या बाजूला. खोबणीला तळातून पाणी जायला आरपार भोक पाडता येत नसेल तर तळखड्याचा माथा कडेकडे किंचित उतरता करून घ्या आणि कुशीखाली शिशाचा पत्रा द्या.

भिंतीत शिरलेली तुळयांची टोकंही उघडून बघा, विशेषतः फुगवट्याच्या वरची. टोकाभोवती इंचभर हवा खेळती ठेवा, खाली सपाट दगड. चुन्याने टोक गच्च बंद करू नका. किलचणावर (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांवर) ओतलेली माती दुरुस्तीत कमी केली तर वजन उतरतं, पण उन्हाळ्यात वरची खोली तापते. मी तरी सहा इंचांची चार इंच करेन, काँक्रीट मात्र कधीच नाही.

मोडीवाचक

काळ ठरवायचा तर घर आणि कागद दोन्ही वाचावे लागतात.

दगडी पाया आणि वर वीट ही पेशवाईतली रुळलेली रीत. शनिवारवाड्याचं काम १७३० मध्ये सुरू झालं, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्याच्या तटालाही खाली दगड, वर वीट. छत्रपतींनी दगडी वाडा बांधायला हरकत घेतली म्हणून वर वीट लावली, ही गोष्ट सांगतात. पण साध्या घरांतही हीच रचना दिसते. दगड घडवणं आणि वर चढवणं महाग, आणि लाकडी सांगाड्यात वीट भरली की भिंत पातळ होते. तिथे एवढं कारण पुरेसं आहे.

खुणा अशा. वीट पातळ, दीड-दोन इंची असेल तर पेशवाईकडे कल. ९ × ४.५ × ३ इंची वीट इंग्रजी अमदानीतली. दगडाचा चेहरा टाकीने सपाट आणला असेल तर जुना. खांडकीचं काम, म्हणजे कडा काटकोनात आणि मधला चेहरा खडबडीत, हे बहुधा १८६० नंतरचं. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजची आणि गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसची काळ्या दगडाची कामं झाली. गव्हर्नमेंट हाउस १८६४ ते १८७१ मध्ये बांधलं, आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. शहरातल्या बांधणीवर त्या कामांची छाप पडलेली दिसते.

मंगलोरी कौलाच्या पाठीवरचं साल हे कारखान्याच्या स्थापनेचं असतं, कौल बनवल्याचं नव्हे. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ दिसलं तर छप्पर १८६५ नंतरचं, एवढंच म्हणता येतं. आणि छप्पर नंतरचं म्हणून वाडा नंतरचा ठरत नाही, आधी देशी नळीची कौलं असू शकतात. वाशांवर जुन्या रिपांची (कौलांखालच्या पट्ट्यांची) भोकं वेगळ्या अंतरावर सापडतात का ते बघा. छतात लोखंडी गर्डर असेल तर त्यावर डॉर्मन लाँगसारख्या इंग्रजी पोलाद कंपनीचं नाव उमटवलेलं असतं. ती कंपनी १८७५ ची.

सिमेंट दर्जेलाही काळ आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकडच्या पेठांत मातीत बांधलेल्या भिंती भिजून बसल्या, दगडी जोती उभी राहिली. त्यानंतर अनेक ठिकाणी सिमेंटने डागडुजी झाली. आतल्या गिलाव्यामागे पुराची रेघ मिळाली तर फोटो काढून अर्जाला जोडा.

कागदांत आधी नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक आणि जुना नकाशा काढा. मग पेशवे दफ्तर. तिथली कागदपत्रं मोडीत आहेत, मूळ मालकाचं नाव आणि पेठ माहीत असल्याशिवाय शोध घेता येत नाही. अर्जात एकच साल ठोकून देऊ नका. जोतं आणि तळमजला अमुक काळातला, छप्पर अमुक, दुरुस्ती अमुक, असं थरांनी लिहा. वारसा समितीला तेच उपयोगी पडतं.

बळद

परवानग्यांचं थोडक्यात. ग्रेड १ मध्ये वास्तू टिकवण्यापुरतंच काम करता येतं, ग्रेड २ मध्ये आतले मर्यादित बदल, ग्रेड ३ मध्ये आतबाहेर बदल आणि नवा वापर यांना बराच वाव असतो. पण तिन्हींत वारसा समितीच्या हाताखालून जावं लागतं. दुरुस्तीच्या नकाशात काय ठेवणार, काय काढणार आणि काय नवं, हे तीन रंगांत दाखवा. मोजमापासह सगळ्या दर्शनी बाजू, आणि मसाल्याचं प्रमाण लेखी.

कसब्यात असल्यामुळे दुसरंही तपासा. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, दुरुस्ती होते, पण त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडून वेगळी परवानगी. पालिकेची मिळाली म्हणून काम सुरू केलं तर ते थांबवलं जाऊ शकतं.

फुगवटा रस्त्याकडे असेल तर धोकादायक इमारतीची नोटीस येण्याआधीच टेकू लावा आणि वारसा कामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घेऊन ठेवा. वारसा यादीत नाव आहे म्हणून महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची (धोकादायक बांधकामाची) नोटीस टळत नाही. भाडेकरू असतील तर त्यांच्या ताब्यातल्या खोल्यांची मापं आत्ताच दोघांच्या सहीने कागदावर घ्या. दुरुस्तीला नकार येतो तो बहुतेक वेळा परत जागा मिळेल का या धास्तीने.

ओसरी

टेकूंचं काम या आठवड्यातच लावते. शेवटचा प्रश्न: दर्जेचं क्षेत्र साधारण ६० चौरस मीटर आहे. चुना किती मागवू?

चुनेगच्ची

दगड सरासरी २५ सेंमी उंच आणि ४५ सेंमी लांब धरला तर एका चौरस मीटरला सव्वासहा मीटर सांधा येतो. साफ केल्यावर रुंदी आत-बाहेर मिळून १० मिमी, खोली ४० मिमी धरा. म्हणजे अडीच लिटर, वाया जाणारा धरून सव्वातीन. ६० चौरस मीटरला सुमारे २०० लिटर मसाला. सुटा माल मिसळल्यावर पाऊण होतो, म्हणून ६५ लिटर मुरलेला चुना, तितकीच सुर्खी आणि १३० लिटर वाळू. एक किलो कळीचा चुना विरवल्यावर दोन लिटरच्या पुढे जातो. खडे आणि नासधूस धरून ५० किलो पुरे. फुगवट्याच्या भागाच्या पुनर्बांधणीला लागणारा वेगळा, तो पोट उघडल्यावर ठरेल.

गणपतीत चुना विरवायला घाला, दिवाळी उरकली की दर्जेला हात लावा. तोवर पन्हळ आणि चर झालेले असले पाहिजेत.